संत्रं सोलून होईपर्यंत

सायलस पार्डीच्या शेडमध्ये कुणी चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी बसायची क्वाड घेऊन आलं की तो आधी काही विचारत नसे. गाडीच्या पोटाखाली पत्र्याचं जुनं ताट सरकवायचा, डिफरन्शियलचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातांच्या डब्याचा, खालचा बोल्ट सैल करायचा आणि ताटात पडणाऱ्या तेलाकडे बघत उकिडवा बसायचा. मालक काय सांगतो ते नंतर ऐकायचं, आधी तेल बघायचं, ही त्याची रीत. पिंचर कोव्हमध्ये सगळ्यांना ती ठाऊक होती.

"सायलसकाका, नुसतं तेल बदलायचंय हो. बाकी गाडी झकास आहे," लॉबस्टरवाला क्लेटन त्या वसंतात म्हणाला होता.

ताटात पडलं ते चहात दूध ओतल्यासारखं पांढुरकं.

"हे तेल आहे?" सायलसने विचारलं.

"मग काय आहे?"

"चहा आहे. बिस्किटं आण, बुडवून खाऊ."

"पाणी शिरलं म्हणता?"

"आपणहून कशाला शिरेल? तू पाजलंस. डोंगरावरून लाकडं घेऊन आलास आणि तसाच तापलेला समुद्रात घुसलास. खरं की नाही?"

क्लेटनने टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं, म्हणजे खरं.

पिंचर कोव्हचा बोटी समुद्रात सोडायचा उतार अरुंद आणि वाकडा. बोटीचा गाडा मागे बांधून उलटं जायचं म्हटलं तर मान मोडते आणि गाडा खडकावर जातो. म्हणून इथे सगळ्यांनी क्वाडच्या नाकालाच कडी बसवलेली. बोट पुढे ढकलत ढकलत पाण्यात सोडायची. त्यात पुढची चाकं आणि त्यांच्या मधलं डिफरन्शियल आधी बुडतं. ते तापलेलं असलं आणि पाणी बर्फासारखं, की आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढून घेते. मग दात गंजतात आणि एक दिवस दलदलीत मधोमध पुढची चाकं हात टेकतात. उपाय एकच. पाण्यात जाण्याआधी गाडी उतारावर उभी करायची आणि थंड होऊ द्यायची. जुनी माणसं एक पाइप ओढून होईपर्यंत थांबत.

सायलस तसा अबोल. कॉड माशांची मासेमारी बंद झाली तेव्हा त्याच्या बोटीवरची माणसं बेट सोडून मेनलँडला गेली, तो शेडमध्ये गेला. बोटीची इंजिनं, करवती, स्नोमोबाइल, क्वाड, जे येईल ते तो दुरुस्त करायचा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, फोन वाजला तर बायकोला हाक मारायचा. पण शेडमध्ये, कुणाच्या तरी दुधाळ तेलाचं ताट हातात असताना, त्याच्या तोंडाला धार यायची. ती धार कुणी मनावर घेत नसे. उलट लोक हसायचे, आणि घरी जाऊन सांगायचे.

त्याचा थोरला भाऊ हेडली टोकावरच्या हिरव्या घरात राहायचा. बायको गेल्यापासून एकटाच. स्वतःची क्वाड त्याने कधीच मोडीत काढली होती, पण बोट सोडली नव्हती. बोट पाण्यात ढकलायला तो सायलसची क्वाड न्यायचा. विचारायचा नाही. किल्ली शेडच्या दारामागे खिळ्याला असायची, ती कधी जागेवर नसली की क्वाड हेडलीकडे आहे हे सायलसला कळायचं.

डॉक्टरांनी हेडलीचा पाइप बंद केला तेव्हा तो शेडमध्ये येऊन पिंपावर बसला. "आता मी उतारावर थांबून करू काय? ओठ चावू?"

"संत्रं खा," सायलस इंजिनातून डोकं न काढता म्हणाला होता. "सावकाश सोल, एकेक फोड खा. संपेपर्यंत गाडी थंड होते."

तेव्हापासून हेडलीच्या खिशात संत्रं असायचंच. सालं तो फेकत नसे. वाळवून स्टोव्हवर ठेवायचा, घराला वास येतो म्हणून. गावातली माणसं त्याला चिडवायची, "हेडकाका, आज बोट की फळांचं दुकान?" तो म्हणायचा, "तुमचं तेल पांढरं होतं, माझं होत नाही. जा, सायलसला विचारा."

त्या ऑगस्टमध्ये हेडलीची मुलगी ट्रूडी दूर पश्चिमेकडच्या अल्बर्टाहून आली. दर वर्षी यायची, पण या वेळी काहीतरी ठरवून आली होती. आल्या दिवसापासून ती बारकाईने बघत होती. किटली करपलेली का, गोळ्या डबीत शिल्लक का, तीच गोष्ट बाबा पुन्हा सांगतात का. पोरगी वाईट नव्हती. रोज इतक्या लांबून फोन करायचा आणि तो उचलला गेला नाही की जीव मुठीत धरून बसायचं, हे तिला आता सोसत नव्हतं.

"बाबा, तिकडे तुमच्यासाठी खालची खोली तयार आहे. स्वतंत्र दार आहे."

"मला इथेही स्वतंत्र दार आहे."

"हिवाळ्यात पडलात तर?"

"पडलो तर उठेन. बोट अजून मी एकटा पाण्यात सोडतो, माहीत आहे ना? ज्याला आपली बोट सोडता येते त्याला लोक खालच्या खोलीत नेऊन ठेवत नाहीत."

हे त्याचं शेवटचं उत्तर असायचं, आणि ते खरं होतं. सकाळी खिडकीतून तीच बघायची, बाप बोट पाण्यात सोडतोय, दोरी बांधतोय, परत येतोय.

दलदलीतल्या केशरी बेकॲपल बेरी पिकल्या तेव्हा तिघं मिळून त्या तोडायला निघाली. सायलस क्वाडवर पुढे, हेडली त्याच्या मागे बसलेला, आणि ट्रूडी क्लेटनकडून उसनी घेतलेल्या क्वाडवर पाठोपाठ. ओढ्यापलीकडे जमीन मऊ लागली. सायलसने फोर-व्हीलचं बटण दाबलं आणि वेग दिला. मागची चाकं फिरली, काळा चिखल उडाला, पुढची चाकं नुसती बघत राहिली. बघता बघता गाडी पोटापर्यंत रुतली.

सायलस खाली उतरला. बटण पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. गावभरच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतःची गाडी चिखलात, तीही पुतणीसमोर. क्लेटनची गाडी, वसंतात जिच्यावर त्याने तोंडसुख घेतलं होतं, ती पलीकडे कोरड्यावर ठणठणीत उभी होती.

"सायलस, तुलाही कुणीतरी चहा पाजलेला दिसतो," हेडली हसत म्हणाला. बूट चिखलातून काढायची त्याची धडपड चालली होती.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी सायलसही हसला असता. तो म्हणाला, "काल गाडी तू नेली होतीस."

"हो, नेली होती."

"थांबला होतास?"

"थांबलो होतो की."

"मग पुढची चाकं का ओढत नाहीत?"

"मला काय विचारतोस? मेकॅनिक तू."

"सरळ पाण्यात घुसलास तू, हेड. तेलाची वाट लागली. दात गेले असणार."

"अरे, थांबलो होतो म्हणतोय ना. संत्रं खाल्लं मी."

"ते परवा खाल्लं असशील. तुझ्या हल्ली लक्षात राहत नाही."

बोलून झालं आणि सायलसला वाटलं, वारा पडलाय. खिशात हात घालून हेडली काहीतरी चाचपत राहिला, मग रिकामा हात बाहेर काढून त्याकडे बघत राहिला. ट्रूडी मागे बादली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

क्लेटनच्या गाडीला दोर बांधून त्यांनी क्वाड ओढून काढली. बेकॲपल तिघांच्या मिळून एका बादलीत तळ झाकण्याइतक्याही झाल्या नाहीत.

त्यानंतर हेडलीने वाद घालायचं सोडलं. ट्रूडीने पुन्हा विषय काढला तेव्हा तो बोटीचं नाव काढेल म्हणून ती तयारीत होती. त्याने काढलंच नाही. बोट क्लेटनला देऊन टाकली, जाळी आणि बोयांसकट. हिरव्या घराचं पाणी बंद केलं, खिडक्यांना फळ्या मारल्या. फळ्या मारायला सायलसही होता. दोघं भाऊ शिडीवर आलटून पालटून चढले आणि खिळ्यांपलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

गँडरच्या विमानतळाकडे निघताना हेडलीने गाडीची काच खाली केली.

"पुढचं तेल बदललंस का?"

"बदलेन."

"बदल बाबा. माझ्यामुळे तुझं काम वाढलं."

"होतं रे," सायलस म्हणाला. एवढंच म्हणाला. मग पोचल्यावर फोन कर म्हणाला, जो आपण उचलणार नाही हे त्याला माहीत होतं.

तेल त्याने बदललं नाही. लोकांच्या गाड्या रांगेत होत्या हे खरं, मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीआधी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पण खरं म्हणजे त्या ताटात भावाचा विसराळूपणा पांढराफेक पडलेला बघायला त्याचं मन धजत नव्हतं. मागच्या दोन चाकांवर तो गावात फिरत राहिला.

ऑक्टोबरात ते टळेना. शिकारीचा परवाना त्याच्या बायकोच्या, ड्युल्सीच्या नावावर निघाला होता आणि पठारावरून मूस ओढून आणायचा तर चारही चाकं हवीत.

"तुझी गाडी तूच का बघत नाहीस कळत नाही," ड्युल्सी म्हणाली. बायकोचा स्वभाव रोखठोक. "लोकांना ताट दाखवत फिरतोस."

"आज बघतो."

दुपारी शेडचं दार उघडं ठेवून, बाहेरच्या पांढऱ्या उजेडात, त्याने क्वाड ठोकळ्यांवर चढवली. ताट सरकवलं. वरचं बूच आधी काढलं, म्हणजे हवा जाईल, आणि मग खालचा बोल्ट. तेल धारेने आलं.

स्वच्छ होतं.

मधासारखं सोनेरी, थोडं काळवंडलेलं, वापरलेलं तेल जसं असतं तसं. त्याने ताट दारापाशी नेलं. बोट बुडवून अंगठ्यावर घासलं. पाण्याचा थेंब नाही, कण नाही. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याला बारीक राखाडी पूड होती, नेहमीइतकीच. त्याने मागच्या डिफरन्शियलचंही तेल काढलं, कुठे तरी पाणी सापडावं म्हणून. तेही स्वच्छ.

मग तो बराच वेळ उलट्या बादलीवर बसून राहिला. ड्युल्सीने चहाला हाक मारली ती त्याने ऐकली आणि उठला नाही.

नवं तेल भरून, बोल्ट आवळून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. परक्याच्या गाडीची करायचा तशी. किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि कान पुढच्या धुऱ्याशी नेला. फोर-व्हील लागताना तिथे आतून टक असा आवाज येतो. आला नाही. पुढची दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहिली, वेगवेगळी मोकळी फिरली. दात शाबूत होते, त्यांना कुणी कामाला लावतच नव्हतं. म्हणजे वीज पोचत नव्हती. फ्यूज ठीक. बटण ठीक. टेस्टचा दिवा घेऊन तो तारेच्या मागे मागे पुढे सरकत गेला, बटणापासून टाकीखाली, टाकीखालून नाकाकडे, आणि दोर ओढायची विंच जिथे बसवली होती तिथे दिवा विझला.

विंच त्याने त्याच वसंतात बसवली होती. तिच्या पट्टीला डिफरन्शियलची तार अडत होती म्हणून बाजूला ओढून जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने बांधली होती. जन्म बोटीवर गेलेला माणूस. त्याच्या हाताला काहीही बांधायचं म्हटलं की तोच दोरा आणि तीच गाठ येते, कधी न सुटणारी. पण बोट पाण्यावर डुलते, क्वाड दगडांवर थरथरते. घट्ट बांधलेल्या तारेला हलायला जागा नव्हती. पट्टीच्या कडेवर घासून घासून ती आतून तुटली होती. गाठ मात्र जशीच्या तशी होती.

दोरा कापायला त्याला चाकू लागला. हाताने ती गाठ सुटणारी नव्हती.

तार जोडून वर गुंडाळायला चिकटपट्टी हवी होती. ती क्वाडच्या पुढच्या डब्यात असायची. झाकण उघडून त्याने हात घातला तर बोटांना काहीतरी कडक, हलकं लागलं. संत्र्याची सालं. एकाला एक लागून, नागमोडी, एकाच फटक्यात सोललेली. ती रुमालात नीट गुंडाळून हेडलीने घरी न्यायला म्हणून ठेवली होती आणि न्यायची राहिली होती. रुमाल त्याचाच होता, निळ्या काठाचा. दलदलीवर रिकाम्या खिशात हेडली काय चाचपत होता ते सायलसला आता कळलं. आदल्या दिवशीच्या सालांची खूण शोधत होता तो. ती त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, झाकणाखाली होती.

सायलसने तार जोडली. बटण दाबलं. टक.

तो घरात गेला तेव्हा चहा थंड झाला होता. ड्युल्सीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा किटली चढवली.

"सापडलं?"

"सापडलं."

"पाणी?"

त्याने रुमाल टेबलावर ठेवून उघडला. ती बघत राहिली. सालं कुणाची हे तिला सांगायची गरज नव्हती.

"फोन कर," ती म्हणाली.

"तू लाव."

"मी लावून देते. बोलायचं तू."

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग हेडलीचा आवाज आला, जरा मोठ्याने, जसा तो नेहमी फोनमध्ये बोलायचा, जणू खाडीपलीकडून हाक मारतोय.

"कोण? सायलस? तू? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही."

"मग फोन कसा केलास? ड्युल्सी बरी आहे ना?"

"बरी आहे. गाडीचं तेल बदललं."

"हं. खूप खराब झालं होतं?"

"हेड, तेल चांगलं होतं. पाणी नव्हतंच. तार तुटली होती. विंचपाशी. मीच बांधलेली."

सायलसला वाटलं फोन बंद पडला.

"डब्यात सालं सापडली," तो म्हणाला. "तुझ्या रुमालात. तू थांबला होतास."

"थांबलो होतो," हेडली हळू म्हणाला. मग पुन्हा, "थांबलो होतो ना मी? मला आठवत होतं तसं. उतारावर बसलो होतो, शेजारच्या मेव्हच्या घरातून पावाचा वास येत होता, सगळं आठवत होतं. पण तू म्हणालास, 'नाही'. तू कधी चुकत नाहीस गाडीच्या बाबतीत. म्हटलं, म्हणजे आपलंच डोकं आता आपल्याला काहीबाही दाखवायला लागलं. त्यानंतर सायलस, मी कशाचीच खात्री धरली नाही बघ. दार लावलं की परत जाऊन बघायचो."

सायलसने भिंतीला हात टेकला. भिंतीवर दर वर्षीचं चर्चचं कॅलेंडर होतं, ते वाकडं झालं.

"परत ये," तो म्हणाला.

"कशाला?" हेडलीच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "बोट क्लेटनकडे. त्याने इंजिन बदललं म्हणे. आता त्याच्या हातात बसली ती. घराचं पाणी बंद. इथे ट्रूडीने माझं नाव कुठे कुठे घातलंय, म्हाताऱ्यांची बस येते, तीत बसून मी जातो. पत्ते खेळतात. भिकार खेळतात." तो थोडा हसला. मग फोन बाजूला धरून त्याने हाक मारली, ती सायलसला ऐकू आली.

"ट्रूडी! मी थांबलो होतो गं. त्या दिवशी, क्वाडचं. संत्रं खाल्लं होतं मी. सायलसला सालं सापडली."

"हो बाबा," लांबून ट्रूडी म्हणाली. भांडी आवरल्याचा आवाज येत होता. "थांबला होतात हं तुम्ही."

त्या 'हं'मध्ये काय होतं ते सायलसला कळलं. लहान मुलाला असं म्हणतात, म्हाताऱ्याला असं म्हणतात, जे काही सांगतंय ते सांगू द्यावं म्हणून. हेडलीलाही कळलं असणार.

"फोन तिच्याकडे दे," सायलस म्हणाला.

"राहू दे रे."

"दे म्हणतो ना."

ट्रूडी फोनवर आली. "बोला काका."

तिला त्याने सगळं सांगितलं. तारेचं, दोऱ्याचं, गाठीचं, तेलाच्या रंगाचं. चिखलात आपल्याला लाज वाटली होती तेही सांगितलं. जन्मात कधी फोनवर इतकं बोलला नव्हता. ड्युल्सी हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होती.

"म्हणजे तुझ्या बापाचं डोकं ठीक होतं," तो शेवटी म्हणाला. "ते मी बिघडवलं."

"काका," ती म्हणाली, "मला तेव्हा कुणीतरी तसं म्हणावं असंच हवं होतं. तुम्ही म्हणालात." आणि मग तिला रडू आलं का कोण जाणे, तिने फोन बापाकडे दिला.

"काय सांगितलंस तिला?" हेडलीने विचारलं.

"जे होतं ते."

"बरं केलंस." मग तो म्हणाला, "ती सालं टाकू नकोस. स्टोव्हवर ठेव, वाळली असतील आता."

"ठेवतो."

फोन ठेवल्यावर सायलसने रुमाल पुन्हा होता तसा गुंडाळला. शेडमध्ये जाऊन तो क्वाडच्या पुढच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पठारावर पुढची चाकं सुरेख ओढत होती. ओढ्यापलीकडे मऊ जमीन लागली तेव्हा त्याने उगीचच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिला. मागच्या बाकावरून ड्युल्सीने विचारलं, "काय झालं? बिघडली?"

"नाही," तो म्हणाला. "थंड होऊ दे जरा."